सेवा कोणाची, शिक्षण कोणाचे?

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की शाळा-कॉलेजांतून आणि आपल्या युवक मंडळांतून सहलींचे बेत सुरू होतात. अशा सहलींना पुष्कळदा सेवेची जोड दिली जाते. एखाद्या आदिवासी पाड्यावर जायचे, तेथे काम करणाऱ्या संस्थेकडे चार-आठ दिवस राहायचे, श्रमदान करायचे आणि त्यातून शिकायचे. परदेशातील विद्यापीठांत याला 'सर्व्हिस लर्निंग' म्हणतात. आपण त्याला सेवेतून शिक्षण म्हणू या. आपल्याकडेही ही कल्पना नवी नाही. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या सात दिवसांच्या शिबिरांत आपल्यातील कितीतरी जणांनी पहिल्यांदा हातात कुदळ-फावडे घेतले असेल.

हेतू चांगला आहे, याबद्दल वाद नाही. पण हेतू चांगला असला म्हणजे कृती चांगली ठरते का? दुसऱ्याची गरिबी हे आपल्या मुलांचे पाठ्यपुस्तक व्हावे, हे योग्य आहे का?

हा प्रश्न एका धर्मगुरूनेच फार कठोर शब्दांत विचारला होता. अमेरिकेतील विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेसाठी जात असत. एप्रिल १९६८ मध्ये त्यांच्या मेळाव्यात फादर इव्हान इलिच यांनी भाषण केले. व्हिएन्नात जन्मलेल्या या धर्मगुरूंनी न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिकोच्या स्थलांतरितांत काम केले होते आणि पुढे मेक्सिकोत अभ्यासकेंद्र चालवले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: तुम्हाला त्या लोकांची भाषा येत नाही. ते तुमच्याविषयी काय म्हणतात, ते तुम्हाला कळत नाही. त्यांच्या सौजन्यालाच तुम्ही स्वागत समजता. गरिबांत काम करायचेच असेल, तर जे तुम्हाला तोंडावर 'चालते व्हा' म्हणू शकतील अशांत करा. मेक्सिकोला जरूर या, डोंगर चढा, पाहा, शिका. मदत करायला मात्र येऊ नका!

हे बोल आपल्याला बोचतात. परंतु पुढच्या काळात जे घडले त्यावरून त्यांतील तथ्य पटते. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथाश्रमांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. तेथील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात होते. मग आश्रम का वाढले? परदेशी पर्यटक आणि स्वयंसेवक मुलांना भेटायला येत, आठवडाभर शिकवत, देणग्या देत. भेट देणाऱ्यांना अनाथ मुले हवी होती, म्हणून गरीब घरांतील मुले आश्रमात आणली गेली. आज एका ताईच्या गळ्यात पडायचे, आठवड्याने तिला निरोप द्यायचा, पुन्हा नवी ताई! पाहुण्यांना समाधान मिळाले, पण त्याची किंमत त्या लेकरांनी मोजली.

मग आपल्या तरुणांनी घरीच बसावे का? तसे आम्हाला वाटत नाही. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे जर्मन तत्त्ववेत्ते कांट यांनी सांगितले. त्यातला 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. एकमेकांपासून आपण सारेच शिकतो, त्यात गैर काही नाही. पुस्तक आणि शिक्षक यांत मात्र फरक आहे. पुस्तक कोणीही उघडावे, कोणीही मिटावे. शिक्षक काय शिकवायचे ते स्वतः ठरवतो आणि नकोसा विद्यार्थी परतही पाठवू शकतो. गरिबाला आपण पुस्तक मानतो की शिक्षक, यावर सारे अवलंबून आहे.

या शिक्षणपद्धतीच्या आरंभीच्या विचारवंतांपैकी एक, अमेरिकेचे रॉबर्ट सिग्मन, यांनी १९७९ मध्ये तीन तत्त्वे मांडली. सेवा कोणती हवी हे ज्यांची सेवा होते त्यांनी ठरवावे. त्या सेवेतून ते अधिक स्वावलंबी व्हावेत. आणि सेवा करणाऱ्याने स्वतःला विद्यार्थी समजावे. आपल्याकडे बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तिच्यात हेच दिसते. सोमनाथची शेती कुष्ठरोगातून बरे झालेल्यांनी उभी केली. समाजाने ज्यांना दूर लोटले, त्यांच्याच शेतावर कॉलेजची मुले घाम गाळायला जातात. तेथे यजमान कोण आणि शिकाऊ कोण, हे कोणाला सांगावे लागत नाही.

लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोनीचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. तोही एक प्रवासीच होता. त्याने जखमा बांधल्या, जखमीला उतारशाळेत नेले, रात्रभर त्याची काळजी घेतली. पण दुसऱ्या दिवशी त्याला पुढे जायचे होते. तेव्हा त्याने उतारशाळेच्या रखवालदाराच्या हाती दोन नाणी दिली आणि जास्त खर्च झाल्यास परतताना फेडीन, असा शब्द दिला. या रखवालदाराविषयी आपण फारसे बोलत नाही. शोमरोनी निघून गेल्यावर जखमीची शुश्रूषा त्यानेच करायची होती. आज पाड्यावर वर्षानुवर्षे काम करणारी संस्था म्हणजे तो रखवालदार होय. जाणाऱ्याने राहणाऱ्यावर भरवसा ठेवावा, त्याचा खर्च भरावा आणि दिलेला शब्द पाळावा.

म्हणून बस ठरवण्याआधी आपण काही प्रश्न स्वतःला विचारू या. आपल्याला बोलावले कोणी? काम कोणी निवडले? 'यंदा नको' असे म्हणण्याची मोकळीक त्यांना आहे का? मे महिन्यात जव्हार-मोखाड्याच्या अनेक पाड्यांवर पाण्याची टंचाई असते. पन्नास पाहुण्यांच्या आंघोळीचे पाणी कोणाच्या डोक्यावरून येणार? शाळेच्या भिंतीला आपण फुकट रंग दिला, तर पाड्यावरच्या रंगाऱ्याची मजुरी बुडणार नाही ना? मुलांचे फोटो काढताना त्यांच्या आई-बापाला विचारले का? संस्थेच्या कार्यकर्त्यांचा आठवडा आपल्यासाठी खर्ची पडतो, त्याचा मोबदला आपल्या हिशेबात धरला आहे का?

या प्रश्नांची उत्तरे मिळवायला वेळ लागेल. कदाचित पहिल्या वर्षी चार जणांनी जाऊन नुसते ऐकून यावे लागेल. कदाचित संस्था म्हणेल, श्रमदान नको, पावसाळ्यानंतर हिशेब लिहायला एक जण पाठवा. त्या कामात बसभर मुलांचा उत्साह नसेल, फोटोही निघणार नाहीत. तरीही ज्याने ते काम मागितले, त्याच्या ते उपयोगी पडेल. आपल्या मुलांनाही तेथे एक मोठा धडा मिळेल. समोरचा माणूस गरजू असला, तरी त्याच्या घरात त्याचाच शब्द चालतो!