कूर्मदासाचा निरोप



पैठणचा कूर्मदास हा हातापायांनी अधू होता. कीर्तनात पंढरीचा महिमा ऐकून त्याच्या मनाने वारीचा ध्यास घेतला आणि पोटावर सरपटत तो निघाला. लोक हसले, काहींनी कीव केली. तो थांबला नाही. वाटेत मुक्कामोमुक्कामी देव रूप पालटून त्याच्या अन्नाची सोय करी, असे कथेत सांगतात. परंतु लहुळ गावापाशी येताच देह थकला. एकादशी उद्यावर आली आणि पंढरी अद्याप दूर राहिली. तेव्हा वाटेने जाणाऱ्या वारकऱ्यांच्या हाती त्याने निरोप धाडला, ‘देवा, माझ्याने आता येववत नाही, तूच ये.’ आणि पांडुरंग विटेवरून उतरून लहुळास आला. माढे तालुक्यातील ते लऊळ गाव आजही ही आठवण जतन करून आहे.

ह्या कथेत दोन गोष्टी विचार करण्यासारख्या आहेत.

पहिली ही की, देवाने कूर्मदासास पूर्वजन्मीचा हिशेब विचारला नाही. आपण मात्र कोणाचा पाय लुळा पडला, कोणाचे मूल बहिरे जन्मले, की चटकन म्हणतो, ‘ज्याचे त्याचे प्रारब्ध!’ बंधुभगिनींनो, प्रारब्ध हा शब्द स्वतःच्या दुःखात धीर धरण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखापासून हात झटकण्यासाठी नव्हे. आपल्या शेजारच्या वऱ्हाडात १८८१ साली जन्मलेल्या गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. १९१५ साली देह ठेवण्यापूर्वी त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले आणि जनांनी त्यांस प्रज्ञाचक्षू म्हटले. ती प्रज्ञा त्यांचीच. परंतु त्यांस ग्रंथ वाचून दाखविणारे आणि त्यांचे बोल उतरून घेणारे हात नसते, तर ते ज्ञान आपणांपर्यंत कसे पोहोचते?

दुसरी गोष्ट निरोपाची. देव येण्यास समर्थ होता, तरी निरोप नेणारे वारकरी लागलेच. आज आपल्या रामाकोन्यात, सौंसरात, पांढुर्ण्यात असे किती कूर्मदास आहेत, ह्याचा विचार करा. संत्र्याच्या बागेत मजुरी करणारा गृहस्थ झाडावरून पडून कमरेखाली निर्जीव होतो. त्याची पंढरी म्हणजे नागपूरचे मेडिकल किंवा छिंदवाड्याचे सरकारी इस्पितळ. तेथे जावयाचे तर एकट्याने जाणे शक्य नाही. म्हणजे त्याच्यासह सोबत्याचीही मजुरी बुडते. पहाटेची बस, उचलून चढविणे, चिठ्ठीच्या खिडकीपुढील रांग, एका दालनातून दुसऱ्या दालनात धाव, आणि सायंकाळी ‘अमुक कागद घेऊन पुन्हा या’ हे उत्तर! दोनदा-तीनदा असे झाले की घरचे लोक दमतात. उपचार सुटतो तो बहुधा श्रद्धा सुटली म्हणून नव्हे, तर बसभाडे सरले म्हणून.

नागपूर ही १९५६ पर्यंत मध्यप्रदेशाचीच राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि आपण व नागपूर ह्यांच्यामध्ये सीमा आली. घरची भाषा मराठी, अर्ज हिंदीत आणि इस्पितळ परराज्यात, अशी आपल्या रुग्णाची त्रेधा होते.

राज्यसत्तेने ह्या जनांस अगदीच विसरले, असे म्हणणे मात्र न्यायाचे होणार नाही. आजारपणात व अपंगत्वात नागरिकांस साहाय्य करावे, असा निर्देश राज्यघटनेच्या ४१व्या अनुच्छेदात आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. आपल्या भागात आढळणारा सिकलसेलचा रक्तविकारही आता त्यांत आहे. ४० टक्के वा अधिक अपंगत्वाचा दाखला मिळाला की पुष्कळ सवलतींचे दार उघडते. २०१८ पासून आयुष्मान योजनेत पात्र कुटुंबास, रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आधार आहे. योजनेत सामील असलेल्या परराज्यातील रुग्णालयातही तो मिळू शकतो. परंतु बसभाडे, बुडालेली मजुरी आणि वर्षानुवर्षे घ्यावयाची औषधे ह्यांचा भार पुष्कळदा घरावरच पडतो. शिवाय हक्क कागदावर असला तरी तो कागद आणण्यास पाय लागतात. ज्यास पाय नाहीत, त्याने काय करावे?

येथेच आपला धर्म सुरू होतो. जामसावळीच्या निद्रिस्त मारुतीपुढे आपण आजारी माणसांस घेऊन जातो, ते योग्यच. पण मारुतीने काय केले, हेही स्मरावे. लक्ष्मण मूर्च्छित पडला तेव्हा तो केवळ रामनाम घेत बसला नाही. वैद्य सुषेणाच्या सांगण्यावरून द्रोणागिरीस गेला आणि औषधी ओळखता येईना तेव्हा पर्वतच उचलून आणला. रुग्णास जाता येत नव्हते, म्हणून भक्त गेला. नवस आणि औषध ह्यांत वैर नाही, हीच मारुतीची शिकवण होय. गाडगे महाराजांनीही देऊळ न बांधता मुंबईच्या जे. जे. इस्पितळाजवळ रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा उभारली. इस्पितळाच्या दारी ताटकळणाऱ्याची रात्र कशी जाते, हे त्यांनी जाणले होते.

म्हणून प्रार्थना अशी आहे. अन्नदान आपण करतोच; त्यासोबत वर्षातून एक दिवस सोबतीचा द्यावा. ज्यास लिहितावाचता येते त्याने शेजाऱ्याचा अर्ज भरून द्यावा, कागद क्रमाने लावून द्यावेत. ज्याच्या घरी वाहन आहे त्याने एखाद्या रुग्णास इस्पितळापर्यंत न्यावे आणि दारातून परत न फिरता रांगेत त्याच्यासह उभे राहावे. ‘बिचारा’ म्हणू नये. नावाने हाक मारावी. आणि देवळाच्या पायऱ्यांशेजारी एक उतरता मार्ग असावा, म्हणजे कोणा कूर्मदासास आपल्याच दाराशी लहुळ होणार नाही.

पांडुरंग आजही निरोपाची वाट पाहत उभा आहे. तो नेणारे वारकरी आपण व्हावे, एवढी बुद्धी तो आपणां सर्वांस देवो.

॥ श्रीपांडुरंगार्पणमस्तु ॥