नटीची साक्ष

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात न्यायसभेपुढे कोणाची साक्ष घेऊ नये याची जी यादी दिलेली आहे, तीत नटाचाही समावेश आहे. स्मृतिकाराच्या मनातले कारण काहीही असो, लोकमानसाने त्याचा अर्थ एकच घेतला: जो मनुष्य नित्य परक्याच्या नावाने ‘मी’ म्हणतो, न भोगलेल्या दुःखाने रडतो आणि न केलेल्या पराक्रमाचा अभिमान मिरवतो, त्याच्या शब्दावर धर्मासनाने विसंबावे कसे? नाट्याला पाचव्या वेदाची प्रतिष्ठा देणारे नाट्यशास्त्रही अखेरीस भरताच्या पुत्रांना ऋषींनी दिलेल्या शापाची कथा सांगते, तेव्हा ही द्विधा किती जुनी आहे हे ध्यानात येते. नटीच्या सामाजिक दर्जाचा वाद आपल्याकडे बहुतांशी निकालात निघाला. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, आणि तेव्हापासून रंगभूमीवर पाऊल टाकणाऱ्या कुलीन स्त्रीकडे पाहण्याची समाजाची दृष्टी हळूहळू निवळत गेली. परंतु त्या वादाखाली दडलेला तात्त्विक प्रश्न अद्याप दप्तरी पडून आहे. अभिनय करणाऱ्याच्या ‘मी’चे अभिनयाच्या क्षणी नेमके काय होते? तो खोटा ठरतो, की त्याला स्वतःची अधिक खोल ओळख पटते?

या प्रश्नाचा विचार करताना मला अभिनेत्री भक्ती बर्वे यांची कारकीर्द अत्यंत उद्बोधक वाटत आली आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जेथे मराठी नाटकाचा पाया घातला, त्या सांगलीत १९४८ साली त्यांचा जन्म झाला. सुधा करमरकर यांच्या बालरंगभूमीवर त्यांनी अभिनयाचे पहिले धडे गिरवले. आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यावर त्या नव्या माध्यमावर बातम्या वाचणारा त्यांचा प्रसन्न चेहरा घरोघर ओळखीचा झाला. येथे एक विलक्षण विरोध दिसतो. दूरदर्शनवर त्या स्वतःच्या नावाने व स्वतःच्या चेहऱ्याने समोर येत, पण वाचलेला मजकूर दुसऱ्याने लिहिलेला असे आणि त्यातल्या हर्षशोकाशी त्यांचा कसलाही व्यक्तिगत संबंध नसे. रंगभूमीवर नाव परक्याचे, वेष परका, वाक्येही नाटककाराची. आणि तरीही तेथे उमटणाऱ्या प्रत्येक शब्दात त्यांचा प्राण ओतलेला असे. मुखत्यार जसा धन्याच्या वतीने सही करतो, तशी त्यांची वाणी दोन्ही ठिकाणी दुसऱ्याच्याच वतीने बोलत होती. मग या दोहोंपैकी कोणत्या ठिकाणी भक्ती बर्वे अधिक खऱ्या होत्या, हे केवळ नावावरून ठरवता येईल काय?

शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी रचलेले ‘ती फुलराणी’ हे नाटक १९७५ साली रंगभूमीवर आले. सतीश दुभाषी प्राध्यापकाच्या आणि भक्ती बर्वे मंजुळेच्या भूमिकेत होत्या. फुले विकणाऱ्या एका मुलीच्या उच्चारांवर संस्कार करून तिला वरिष्ठ वर्गाच्या मंडळींत बेमालूम उभी करण्याचा विडा प्राध्यापक उचलतो, एवढे कथानक सर्वांना ठाऊक आहे. परंतु ही भूमिका करणाऱ्या स्त्रीपुढचे काम किती बिकट असते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. जिची वाणी मुळातच वृत्तनिवेदनाने घोटून घोटून निर्दोष झालेली, तिने प्रथम ती वाणी बाजूला ठेवून मंजुळेची रांगडी, ठसकेबाज बोली अंगी बाणवायची. मग त्या बोलीत वाढलेली मुलगी शुद्ध उच्चारांशी कशी झटते हे दाखवायचे. आणि शेवटी तीच शुद्ध वाणी अशा रीतीने उच्चारायची, की ती नटीची जन्मजात मिळकत न वाटता मंजुळेची कष्टार्जित कमाई वाटावी. एकटीच रंगमंचावर उभी राहून मंजुळा आपल्या गुरूविरुद्ध सुडाची मनोराज्ये रचते, तो प्रवेश पुढे कित्येक वर्षे शाळांच्या स्नेहसंमेलनांत मुलींनी हौसेने केला. त्या प्रवेशातला संताप खरा असावा लागतो, डोळ्यांतले पाणी खरे असावे लागते, आणि नेमक्या त्याच घटकेला प्रेक्षागृहात उसळलेला हशा ओसरेपर्यंत पुढचे वाक्य ओठांवर रोखून धरण्याचे भानही असावे लागते. मंजुळा संतापलेली असते. हशा ऐकणारी कोणी दुसरीच असते. आणि दोघी एकाच देहात, एकाच श्वासावर नांदत असतात.

ही दुसरी कोण? आपल्या दर्शनकारांनी या प्रश्नाला फार जवळून स्पर्श केला आहे. सांख्यांनी प्रकृतीला रंगभूमीवर नृत्य करणारी नर्तकी कल्पिले आणि पुरुषाला तटस्थ प्रेक्षक. काश्मीरच्या शैवांनी याही पुढे जाऊन आत्म्यालाच नर्तक म्हटले आणि इंद्रियांना प्रेक्षकांच्या जागी बसवले. रसाचे अधिष्ठान कोणते याविषयी लोल्लटापासून अभिनवगुप्तापर्यंत जो प्रदीर्घ वाद झाला, त्यात अभिनवगुप्ताने रसाचा आस्वाद सहृदय प्रेक्षकाच्या ठायी मानला. त्याच्या निर्णयाविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला असे म्हणावेसे वाटते, की थोर नटीच्या ठायी नर्तकी आणि प्रेक्षक यांची फारकतच होत नाही. भरताने अश्रू, रोमांच, कंप आदी आठ सात्त्विक भावांसाठी मनाची एकाग्रता आवश्यक मानली आहे. ही एकाग्रता म्हणजे भावनेत वाहून जाणे नव्हे, आणि भावनेपासून अंग चोरणेही नव्हे. जी केवळ वाहून गेली, तिला पुढचे वाक्य आठवणार नाही. जिने केवळ अंग चोरले, तिच्या वाक्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. म्हणून न्यायसभेत जिची साक्ष अग्राह्य ठरली, ती अध्यात्माच्या दरबारात मला अव्वल दर्जाची साक्षीदार वाटते. ‘मी’ म्हणून ज्याला आपण कवटाळतो तो धारण करता येतो आणि उतरवूनही ठेवता येतो, हे तिने तर्काने सिद्ध केलेले नसते. प्रत्येक प्रयोगात ते देहाने अनुभवलेले असते.

तथापि येथे अतिव्याप्तीचा दोष टाळला पाहिजे. तुकोबांनीही आपल्या अभंगांत नटाच्या सोंगाचा दृष्टांत घेतला आहे. सोंगे अनेक घेतली तरी आतला रंग बदलत नाही, असा त्यांचा आशय आहे. परंतु तुकोबांच्या आत जो रंग होता तो विठ्ठलाचा होता, आणि तो त्यांनी संसाराची राखरांगोळी सोसून मिळवला होता. नटीला तो केवळ नटी असल्यामुळे लाभतो, असे मी म्हणणार नाही. प्रयोग संपतो, रंग पुसला जातो, आणि घरी गेल्यावर तिच्या वाट्याची दुःखे तिचीच असतात. १९९६ साली भक्ती बर्वे यांचे पती, अभिनेते शफी इनामदार, यांचे निधन झाले, तो शोक उतरवून ठेवण्याजोगा नव्हता. कला मोक्ष देत नाही. ती मोक्षाला लागणाऱ्या एका वृत्तीची तालीम मात्र देते.

या तालमीत दुसऱ्याविषयीची करुणाही येते. दूरदर्शनसाठी भक्ती बर्वे यांनी बहिणाबाई चौधरींची भूमिका केली. खानदेशातल्या असोद्याची, अक्षरओळख नसलेली, शेतात आणि जात्यापाशी ओव्या रचणारी ती कवयित्री कुठे, आणि मुंबईत नावारूपाला आलेली ही सुशिक्षित अभिनेत्री कुठे! स्वतःचे शहरी शहाणपण क्षणभर गहाण ठेवल्यावाचून त्या माउलीच्या अंतरंगात कोणाला प्रवेश मिळणार नाही. परकायाप्रवेशाच्या सिद्धीविषयी आपण पुराणांत वाचतो. तिची खरी किंमत चमत्कारात नसून, परक्याचे जगणे आतून जाणून घेण्याच्या नम्रतेत आहे.

अशोक पाटोळे यांच्या ‘आई रिटायर होतेय’ या नाटकात भक्ती बर्वे यांनी अशी आई उभी केली, जी एके दिवशी घरच्या चाकरीतून निवृत्ती जाहीर करते. त्या घरातल्या प्रत्येकाला धक्का बसतो, कारण आई ही एक भूमिका आहे आणि तिच्यामागे एक स्वतंत्र माणूस आहे, याचा त्यांना विसर पडलेला असतो. हा विसर केवळ त्या कुटुंबाचा नव्हे. आपण सारे जण कोणाचे पुत्र, कोणाचे वरिष्ठ, कोणाचे यजमान म्हणून वावरतो, आणि अंगावर चढवलेला तो अंगरखा हीच आपली त्वचा आहे असे मानू लागतो. मग तो उसवला की आक्रोश करतो. १२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईहून मुंबईला परतताना झालेल्या मोटार अपघातात भक्ती बर्वे गेल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे बावन्न वर्षांचे होते. मंजुळा पुढे इतर अभिनेत्रींनीही केली, आणि ते योग्यच झाले, कारण भूमिका ही कोणाची खाजगी मालमत्ता नसते. मालकीचा दावा सोडूनही एखादे काम जीव ओतून करता येते, किंबहुना तो सोडल्यावरच ते निर्मळपणे करता येते, ही गीतेने सांगितलेली गोष्ट आपल्याला ग्रंथात दुर्घट वाटते. ती दुर्घट नाही. ज्याला ती शिकायची आहे, त्याने संसार टाकण्याची गरज नाही. वाट्याला आलेले काम पूर्ण प्रेमाने करावे, आणि ते दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची वेळ आली म्हणजे तितक्याच प्रेमाने सोपवावे.