पंचाचे समत्व

निंदा आणि स्तुती ज्यास समान झाल्या अशा भक्ताचे वर्णन गीतेच्या बाराव्या अध्यायात येते. परंतु तेथेच त्यास मौनी व अनिकेतही म्हटलेले असल्यामुळे, हे समत्व संसारातून बाजूस झालेल्या विरक्तापुरतेच आहे, की निर्णय उच्चारल्यावाचून ज्यास गत्यंतर नाही त्यालाही ते साध्य आहे, हा प्रश्न कबड्डीच्या मैदानावर प्रथमच शिटी हाती घेणाऱ्या तरुण पंचाकडे पाहताना मला फार निकडीचा वाटतो.

1773 साली झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या वधाची चौकशी करताना न्यायाधीश रामशास्त्र्यांना कैफियती ऐकण्याची सवड तरी होती. पंचाला ती नाही. चढाईचा गडी निसटताना बाजूच्या मीटरभर रुंदीच्या लॉबीत पाय टाकतो. झटापट आधीच सुरू झाली असेल तर लॉबी क्रीडांगणाचाच भाग, आणि कोणालाही स्पर्श न होता पाय पडला असेल तर गडी बाद. स्पर्श आधी की पाऊल आधी, एवढ्या पौर्वापर्यावर सारा फैसला अवलंबून, आणि तो क्षण पाहता पाहता सरून जातो.

प्रत्यक्ष ज्ञान निश्चयरूप असावे अशी अट न्यायसूत्रांनी घातली आहे, आणि दूरवर दिसते ते धूर की धूळ हे ठरत नाही, हा त्यावरील वात्स्यायनांचा दाखला प्रसिद्धच आहे. नवा पंच आत्मविश्वास आवाजात शोधतो. माझ्या मते तो प्रथम पायांत असतो. चढाईबरोबर सरकत जाऊन रेषेच्या सरळीत उभा राहणाऱ्याला धूर व धूळ वेगळी दिसतात, आणि जे दिसले तेवढेच सांगायचे असल्याने त्याचा हात डळमळत नाही.

तरीही चूक होणारच, आणि गिल्लाही होणार. त्यातील शिवीगाळीची दखल घेण्याचे कारण नाही. पण नियमाच्या अर्थाविषयीची हरकत, मग ती कितीही कठोर शब्दांत आलेली असो, ऐकून घेतलीच पाहिजे, कारण समत्व म्हणजे बधिरता नव्हे. अर्जुनाला तरी मौन धरून रथात बसण्याची मुभा कोठे मिळाली?

खरा धोका याहून सूक्ष्म आहे. एका संघावर आपल्याकडून अन्याय झाला असे मनात येताच, पुढच्या चढाईत त्याच संघाला झुकते माप देऊन भरपाई करण्याचा मोह कोवळ्या मनाच्या, आणि पुष्कळदा सज्जन, पंचास होतो. लोकही त्या तडजोडीने शांत होतात. परंतु पहिली चूक अज्ञानाने झाली होती, दुसरी जाणूनबुजून होते. आणि जो गडी आता बाद ठरतो, त्याने तर पहिल्या प्रसंगी काहीच केलेले नसते. म्हणून त्या शंकेची शहानिशा सामना संपल्यावर सरपंचाजवळ, म्हणजे मुख्य पंचाजवळ, बसून करावी, आणि तोवर नवी चढाई नव्यानेच पाहावी.