उंचीवरून केलेला न्याय

दुसऱ्याची पारख करण्याचा अधिकार माणसाला कितपत आहे, हा प्रश्न शिक्षकाला तरी चुकत नाही. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला. विज्ञान माझा प्रांत नव्हे. तरी या प्रश्नावर मला जो थोडा उजेड मिळाला, तो चंद्राकडून.

१९९८ साली अमेरिकेचे 'ल्युनर प्रॉस्पेक्टर' हे यान चंद्राभोवती १०० किलोमीटर उंचीवरून फिरू लागले. ते न्यूट्रॉन मोजत असे. चंद्राला हवा नाही. त्यामुळे विश्वकिरण थेट जमिनीवर आदळतात, तिच्यातून न्यूट्रॉन उडवतात, आणि ते वाटेत न अडता यानापर्यंत येतात. मातीत हायड्रोजन असला, तर मात्र ते मंदावतात. सारख्या वजनाच्या गोटीवर गोटी आदळावी आणि मारणारी जागीच थबकावी, तसे. म्हणून मध्यम वेगाचे न्यूट्रॉन जिथे कमी भरतील तिथे हायड्रोजन, बहुधा गोठलेले पाणी, असा तर्क. दोन्ही ध्रुवांपाशी ते कमी भरले.

पण जमीन सपाट कुठे आहे? विवराच्या तळातून निघालेले काही कण कड्यांवरच अडतात. उतारावरच्या कणांचा रोख तिरपा असतो. शिखर यानाला जवळ, दरी दूर. आणि यान जितके उंच, तितका मोठा टापू ते एकाच आकड्यात गोळा करते. आकडा घटला तो मातीमुळे की जागेमुळे, हे आकडा स्वतः सांगत नाही. जमिनीचा नकाशा हाती घेऊन जागेचा हिशेब वेगळा काढावा लागतो.

हे वाचताना मला एक मुलगा आठवला. डोंगरापलीकडच्या वाडीतून तो रोज दोन कोस चालत येई आणि पहिल्या तासाला पेंगे. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी 'मंद' असा शेरा लिहिला. गुण खरेच कमी होते; पण शेरा माझा होता. पुढच्या वर्षी तो आला नाही. ती घाटी मी एकदाही चढून पाहिली नव्हती.

मग सारा दोष परिस्थितीवर टाकून मोकळे व्हावे का? तेही तितकेच आळसाचे. जागेचा हिशेब वजा करूनही चंद्राच्या ध्रुवांपाशी हायड्रोजन उरलाच. माणसाचेही तसेच, परिस्थिती वजा जाता जे उरते ते त्याचे स्वतःचे, गुण असो वा दोष. फक्त वजाबाकी आधी व्हावी, निकाल नंतर.

१९९९ साली ते यान सुमारे ३० किलोमीटरांवर उतरवले. चित्र अधिक रेखीव झाले. पण शिखर-दरीतला फरकही अधिक भासू लागला. जवळ गेलेल्याला हिशेब जास्तच करावा लागतो.

या भाऊबीजेला एखाद्या भावाची ओवाळणी हलकी वाटेल, एखादी वहिनी गप्पगप्प दिसेल. मनात शेरा लिहिण्याआधी, ते कोणत्या वाटेने आले एवढे विचारावे. मला ते विचारायला उशीर झाला.