पन्नास मिनिटं

क्रूझच्या पत्रकावर लिहिलं होतं, ‘सायगाव : एक दिवस’. प्रत्यक्षात जहाज लागलं फू मी बंदरात. तिथून शहरात बसने जायला दोन तास, यायला दोन तास. मध्ये उरलेल्या वेळात जेवण, फ्रेंचांच्या काळातलं पोस्ट ऑफिस, बेन थान बाजार आणि युद्ध अवशेष संग्रहालय. संग्रहालयाला गाइडने पन्नास मिनिटं दिली. बाजाराला सव्वा तास.

अंगणात अमेरिकन रणगाडे आणि विमानं उभी आहेत. तिथे सगळे फोटो काढतात, मीही आईचा काढला. हसरा.

मग आत एजंट ऑरेंजचं दालन. पिंपांवरच्या नारिंगी पट्ट्यावरून पडलेलं हे नाव. १९६१ ते १९७१ या काळात अमेरिकेने इथल्या जंगलांवर आणि शेतांवर सात कोटी लिटरहून जास्त तणनाशकं फवारली, त्यात सर्वांत जास्त हेच. त्यातल्या डायॉक्सिनचे परिणाम युद्ध संपल्यावर जन्मलेल्या मुलांच्या अंगावर दिसतात, असं तिथले फोटो सांगतात. एका फोटोत एक बाई होती आणि तिच्या मांडीवर मुलगा. मांडीवर बसायचं वय केव्हाच उलटून गेलेला. आई तिथे थांबली ती हलेचना.

मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, “आई, चल ना, बस सुटेल.”

हे वाक्य मला अजून टोचतं. परक्याचं दुःख ‘साइटसीइंग’मध्ये घालावं का, हा प्रश्न मी आधी फेसबुकी समजायचो. माझं उत्तर तयार असायचं : अजिबात न बघण्यापेक्षा घाईत बघितलेलं बरं. शिवाय दाखवणाऱ्यांनाच ते दाखवायचंय, मग मी संकोच का करू? खरं तर त्यांनीही पाहुण्यांसाठी थोडी जागा केलीच आहे. १९७५ साली हे प्रदर्शन उघडलं तेव्हा नावात सरळ ‘अमेरिकेचे गुन्हे’ होते. १९९५ मध्ये, अमेरिकेशी संबंध पूर्ववत झाले त्याच वर्षी, नाव बदलून ‘युद्ध अवशेष’ झालं. पाटी मवाळ झाली. फोटो मात्र भिंतीवरच राहिले.

म्हणजे दाखवण्यात गैर नाही, बघायला येण्यातही नाही. तरी माझा हिशेब कुठेतरी चुकत होता. मी कोडमध्ये रोज टाइमआउट लिहितो : इतक्या सेकंदांत उत्तर आलं नाही तर पुढे जा. सर्व्हरच्या बाबतीत ते बरोबरच आहे. पण आई त्या बाईकडे बघत होती, तेव्हा कशाला किती वेळ लागेल हे मी कशावरून ठरवलं? बाजाराच्या सव्वा तासावरून? तिने नंतर तिथे काहीच घेतलं नाही. लाकडी डब्या उलटसुलट करून परत ठेवल्या.

बसमध्ये तिने एवढंच विचारलं, “अरे, त्या मुलाचं नाव लिहिलं होतं का रे खाली?”

मी वाचलं नव्हतं.

रात्री जहाजाच्या अॅपवर सहलीला पाचपैकी किती तारे, असं विचारणारी खिडकी आली. मी ती बंद केली. ती अधूनमधून अजून येते.