फुकटची किल्ली

घरात नवा संगणक येतो. जोडून देणारा मुलगा विंडोज आणि ऑफिस ‘टाकून’ देतो, शेवटी एक लहानसा प्रोग्राम चालवतो. त्याला ‘ॲक्टिव्हेटर’ म्हणतात. परवान्याचे पैसे वाचतात. यात पाप ते कसले, असे आपले तरुण आम्हाला विचारतात. त्यांचा मुद्दा पोकळ नाही. शेजाऱ्याची कोंबडी चोरली तर त्याचे खुराडे रिकामे होते. इथे कंपनीची मूळ प्रत कंपनीकडेच राहते. मग सातवी आज्ञा मोडली कुठे?

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते न्याय म्हणजे ज्याचे त्याला देण्याची स्थिर इच्छा. तेव्हा वस्तू कमी झाली का, हा प्रश्न मागे पडतो. कुणाचे देणे बुडाले, हे पाहावे लागते. आपल्या फोटोग्राफर बांधवांना हे चटकन पटेल. त्यांनी काढलेला लग्नाचा फोटो कुणी न विचारता जाहिरातीत छापला, तर मूळ फोटो त्यांच्याकडेच असतो, तरी राग येतोच.

जिवावर बेतलेल्या गरजेपोटी दुसऱ्याचे घेतले तर ती चोरी नव्हे, असेही याच संतांनी म्हटले आहे. परवान्याची किंमत सामान्य घराला जड जाते, हे आम्ही नाकारत नाही. परंतु पत्रे आणि हिशेब यांसाठी लिब्रेऑफिस विनामूल्य मिळते, त्यात मराठीही लिहिता येते. विंडोजऐवजी उबुंटू किंवा लिनक्स मिंट आहे. मग गरजेची सबब कितीशी टिकते?

शिवाय ही किल्ली चालते ती खोटे बोलून. मोठ्या संस्थांसाठी मायक्रोसॉफ्टची केएमएस नावाची सोय आहे. संस्थेचा सर्व्हर तिच्या संगणकांना 180 दिवसांची मान्यता देतो व ती पुन्हा वाढवतो. असे अनेक ॲक्टिव्हेटर तसल्याच सर्व्हरचे सोंग घेतात, आणि त्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे अनोळखी माणसासाठी कुत्रा बांधून दार उघडायचे! 2021 मध्ये ‘केएमएसपिको’च्या नावाखाली क्रिप्टबॉट हा पासवर्ड चोरणारा प्रोग्राम पसरवला गेल्याचे उघड झाले. त्याच संगणकावर घरातील कुणी बँकेचे व्यवहारही करत असते.

कायद्याचे म्हणाल, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 63 ब जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही लागू होते.

विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. असा जुना संगणक भंगारात देण्याआधी त्यावर लिनक्स चालते का, ते पाहावे. नवा घेताना मात्र बिलावर विंडोजचा परवाना लिहिला आहे का, हे दुकानातच विचारून घ्यावे.