ओल्या बाळंतिणीचा प्रवास : जायज, पण कोणाला विचारून?



प्रश्न विचारला जातो आणि उत्तर दिले जाते. परंतु ज्या व्यक्तीविषयी प्रश्न असतो ती व्यक्ती त्या जागी हजर नसते, असे आपल्या समाजात किती वेळा घडते? या लेखाचे निमित्त अशीच एक घटना आहे आणि तिच्यात चूक माझ्याकडूनही झाली, हे प्रारंभीच कबूल करतो.

क्रांती चौकापासून जवळच असलेल्या आमच्या मशिदीत एके रात्री इशाच्या नमाजनंतर एक वयोवृद्ध गृहस्थ थांबले. त्यांचा मुलगा जिद्दाह येथे नोकरीस. सून बाळंतपणासाठी मायक्यात आलेली. त्यांनी विचारले, “हजरत, बहू अजून चिल्ल्यात आहे. मुलगा बोलावतो आहे. चाळीस दिवस होण्याआधी तिने बाळाला घेऊन परदेशी जाणे शरीयतच्या दृष्टीने जायज आहे काय?” मी उत्तर दिले, “जायज आहे. मनाई नाही.” त्यांनी ‘जजाकल्लाह’ म्हटले आणि ते गेले. सारे संभाषण दोन मिनिटांचे.

काही महिन्यांनी त्या मुलीचे वडील भेटले. ऑपरेशनने झालेले बाळंतपण, बाविसावा दिवस, मुंबईपर्यंत रात्रभराचा प्रवास, मग विमान. कडेवर बाळ आणि सोबतीला कोणी नाही. तिकडे पोहोचल्यावर टाक्यांत पू झाला आणि तिला रुग्णालयात ठेवावे लागले. तान्हे बाळ शेजाऱ्यांच्या घरी राहिले. अल्हम्दुलिल्लाह, पुढे दोघेही बरी झाली. वडिलांनी तक्रार केली नाही. ते एवढेच म्हणाले, “मौलाना, तुम्ही जायज म्हटल्याचा निरोप आला. मग मुलीचा बाप काय बोलणार?”

ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. माझे उत्तर चुकीचे नव्हते. परंतु उत्तर देण्यापूर्वी मी जे विचारायला हवे होते ते विचारले नाही. प्रसूती कशी झाली? डॉक्टरांचे म्हणणे काय? सोबत कोण आहे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तिचे स्वतःचे म्हणणे काय आहे?

प्रथम शरीयतचा आदेश नीट समजून घेऊ या. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाला ‘निफास’ म्हणतात. हनफी मताप्रमाणे त्याची अधिकाधिक मुदत चाळीस दिवसांची आहे; आपल्या कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई मताचे आहेत आणि त्या मताप्रमाणे ती साठ दिवसांची आहे. कमीत कमी मुदत ठरलेली नाही. रक्त आधी थांबले तर स्त्री गुस्ल करून नमाज सुरू करते. म्हणजेच चाळीस दिवस उंबरठा ओलांडू नये, बाळंतिणीच्या हातचे खाऊ नये, तिची खाट वेगळी ठेवावी, या गोष्टी रूढीच्या आहेत, दीनच्या नव्हेत. हरीरा, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी आणि विश्रांती हे आपल्या आजी-नानींचे शहाणपण आहे. ते जरूर जपावे. परंतु त्याला फर्ज समजू नये. या मुदतीत प्रवास केल्याने गुनाह होत नाही.

याचा सर्वांत ठळक पुरावा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या अखेरच्या हजच्या प्रवासातच आहे. हिजरी सन १० मध्ये हजारो लोकांचा काफिला मदीनेहून निघाला. शहरापासून काही मैलांवर असलेल्या जुल-हुलैफा या मुक्कामी आदरणीय अबूबकर (रजि.) यांच्या पत्नी असमा बिन्ते उमैस (रजि.) प्रसूत झाल्या आणि मुहम्मद बिन अबूबकर यांचा जन्म झाला. पुढे मक्केपर्यंत वाळवंटातून कित्येक दिवसांची वाट होती. प्रेषितांनी (स.) त्यांना परत जाण्यास सांगितले नाही. स्नान करावे, कापड बांधून घ्यावे आणि एहराम बांधावा, असा आदेश दिला. त्या तान्ह्या बाळासह हजला गेल्या.

ही हदीस आम्ही मदरशात अनेकदा वाचली, आणि माझे दोन मिनिटांचे उत्तर तिच्याच आधारावर होते. पण त्या वडिलांच्या भेटीनंतर सहीह मुस्लिममधील आदरणीय जाबिर (रजि.) यांचे ते दीर्घ कथन मी पुन्हा उघडले, तेव्हा एका साध्या गोष्टीवर नजर थांबली. प्रेषितांकडे (स.) निरोप कोणी पाठवला? स्वतः असमा (रजि.) यांनी. “आता मी काय करू?” हा प्रश्न त्यांचा होता. मुलाचे आजोबा, सासरे किंवा काफिल्यातील कोणी मंडळी त्यांच्या वतीने निर्णय मागायला गेल्याचा त्या कथनात उल्लेख नाही. या असमा (रजि.) म्हणजे प्रवासाला नवख्या स्त्री नव्हत्या. आपले पहिले पती आदरणीय जाफर (रजि.) यांच्यासोबत त्यांनी हबशाला हिजरत केली होती, परक्या देशात मुले वाढवली होती आणि मुलांना घेऊन समुद्र ओलांडून त्या परतल्या होत्या. आपल्या शरीराची ताकद आणि आपल्या मनाची ओढ त्या जाणत होत्या. जी सवलत एका स्त्रीने स्वतः विचारून मिळवली, तीच सवलत दुसऱ्या स्त्रीला न विचारता तिच्यावर लादण्यासाठी आपण वापरतो. हा दलीलचा उपयोग नव्हे, दुरुपयोग आहे.

आणखी पाहा. बीबी हाजरा तान्ह्या इस्माईल (अलै.) यांना घेऊन मक्केच्या निर्जन खोऱ्यात आल्या, तो प्रवास आपण दर ईदुल-अजहाला आठवतो. खजुरांची एक पिशवी आणि पाण्याची एक मशक एवढीच शिदोरी होती. इब्राहीम (अलै.) परत फिरले तेव्हा त्यांनी मागे जाऊन विचारले की, हा अल्लाहचा आदेश आहे काय? ‘होय’ हे उत्तर ऐकल्यावर त्यांनी अल्लाहवर भरवसा ठेवला आणि त्या तेथे थांबल्या. हा प्रसंग सहीह बुखारीत आहे. काही घरांत सुनेला याच प्रसंगाचा दाखला दिला जातो : “बीबी हाजरा राहिल्या नाहीत का?” बंधूंनो, तेथे पैगंबराला अल्लाहचा आदेश होता. तुमच्या-माझ्याकडे तसा आदेश आलेला नाही. आपल्याकडे असते ते केवळ तिकीट आणि सोय.

आता पवित्र कुरआनकडे वळू या. सूरह अल-बकराच्या २३३ व्या आयतीत दूध पाजण्याचे नियम आहेत. तेथे अल्लाह फर्मावितो की, मुलामुळे आईला त्रास दिला जाऊ नये आणि मुलामुळे पित्यालाही नाही. दोन वर्षांआधी दूध तोडायचे असेल तर दोघांच्या संमतीने आणि सल्लामसलतीने तोडावे. सूरह अत-तलाकच्या सहाव्या आयतीत तर तलाक झालेल्या स्त्रीविषयीही सांगितले आहे की, तिला अडचणीत आणण्यासाठी त्रास देऊ नका आणि बाळाच्या दुधाविषयी आपसात भल्या रीतीने मशवरा करा. ज्या दीनमध्ये दूध तोडण्यासारख्या घरगुती गोष्टीला आईची संमती लागते, आणि नाते तुटल्यावरही तिच्याशी मशवरा सुटत नाही, त्या दीनच्या नावाने संसारात नांदणाऱ्या आईला न विचारता तिचे तिकीट कसे काढता येईल?

आपले सरकारसुद्धा तान्ह्या बाळाच्या पासपोर्टसाठी सामान्यतः आई-वडील दोघांच्या सहीचे संमतीपत्र मागते. कार्यालयात तिची सही लागते आणि घरात तिचा शब्द लागत नाही, ही लाजेची गोष्ट आहे.

येथे एक बाब शांतपणे विचारात घ्या. निफासच्या दिवसांत स्त्रीवर नमाज नाही, आणि त्या सुटलेल्या नमाजांची कजाही नाही. रोजे नंतर ठेवायचे आहेत, पण त्या दिवसांत नाहीत. नमाज हा बंद्यावर अल्लाहचा हक्क आहे. मी आजारी असलो तरी बसून, पडून, इशाऱ्याने ती अदा करावी लागते. तोच अल्लाह या स्त्रीकडून आपला हक्क मागत नाही. मग आपण आपले हक्क, म्हणजे नवऱ्याची सोय, सासरची इभ्रत, नातू पाहण्याची घाई, त्याच दिवसांत तिच्याकडून कोणत्या तोंडाने वसूल करावेत?

वैद्यकशास्त्र काय सांगते तेही पाहू. प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत पायांच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका नेहमीपेक्षा अधिक असतो. ऑपरेशन झाले असेल तर तो आणखी वाढतो, आणि तासन्‌तास एका जागी बसून राहिल्यानेही वाढतो. बाळाला जन्मताच बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस-बीच्या लसी मिळतात. त्यापुढच्या लसी सहा आठवडे पूर्ण झाल्यावर सुरू होतात. तोवर गर्दीपासून ते जितके दूर राहील तितके बरे. काही विमान कंपन्या आठवडाभराच्या बाळालाही नेतात हे खरे, परंतु कंपनी नेते म्हणून प्रवास हितकारक ठरत नाही. सहा आठवडे आणि चाळीस दिवस हे आकडे जवळ आले म्हणून मी त्याचा चमत्कार करून मिरवणार नाही. ज्याने हे शरीर घडवले त्याला त्याच्या थकव्याची जाण आहे, एवढे माझ्या ईमानला पुरेसे आहे. सूरह अल-अहकाफच्या पंधराव्या आयतीत आईचे कष्ट त्याने गर्भ वाहताना वेगळे आणि प्रसवताना वेगळे, असे दोनदा सांगितले आहेत.

दुसरी बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. आखातात राबणारा तो तरुणही आपलाच मुलगा आहे. त्याने बाळाचा चेहरा फक्त मोबाइलवर पाहिला आहे. कानात अजान देण्याची संधी त्याला मिळाली नाही. त्याची ओढ खरी आहे आणि त्याचाही हक्क आहे. व्हिसाची मुदत संपत असते, सुट्टी मिळत नाही, पैसे मोजून ठेवलेले असतात. कधी कधी तर ओढ तिचीच असते. मायक्यात तिला करमत नाही, नवऱ्याजवळ जायचे असते. आणि आई, मावशी, शेजारणी ‘चिल्ला झाल्याशिवाय नाही’ म्हणून तिला अडवतात. तिची तब्येत ठीक असेल, डॉक्टरांची हरकत नसेल, सोबत असेल, तर रूढीच्या नावाने तिला रोखणे हेही तितकेच अन्यायाचे. असमा (रजि.) यांचा दाखला खरोखर अशा स्त्रीसाठी आहे.

म्हणून ज्या घरांत असा प्रसंग येईल त्यांना माझी नम्र विनंती आहे. पहिली गोष्ट, बाळंतिणीला एकटीला बसवून विचारा. सासऱ्यांसमोर ती ‘हो’ म्हणेल. तो शब्द संमती समजू नका. तिच्या आईने किंवा बहिणीने विचारावे, आणि तिचे उत्तर तसेच्या तसे नवऱ्यापर्यंत पोहोचवावे. दुसरी गोष्ट, डॉक्टरांना केवळ ‘चालेल ना?’ असे विचारू नका. संपूर्ण प्रवास सांगा. आपल्या शहरातून आखातासाठी नेहमीचे थेट विमान नसल्याने आधी मुंबई गाठावी लागते. रेल्वेने जा किंवा समृद्धी महामार्गाने, विमानतळावरचे ताटकळणे धरून तो सारा एका दिवसाचा प्रवास होतो. तिसरी गोष्ट, तिला एकटीला पाठवू नका. स्त्रीच्या लांबच्या प्रवासात महरम असावा ही अट तिच्या संरक्षणासाठी आहे. ज्याला बायको-मुलाची ओढ आहे त्याने स्वतः न्यायला यावे आणि बाळही उचलावे, सामानही. त्याला जमत नसेल तर तिचा भाऊ किंवा वडील जातील. चौथी गोष्ट, परतीच्या व्हिसाची मुदत अडचणीची असेल तर शुल्क भरून ती वाढते का, याची चौकशी आधी करा. छटी आणि अकीक्याच्या दावतीवर आपण जो खर्च करतो, त्यातून हे शुल्क सहज निघेल. आणि तिकडे पोहोचल्यावर तिच्या हाताखाली कोण असेल, हेही निघण्यापूर्वी ठरवा. मायक्यात चार हात होते. तिकडे दोन खोल्यांच्या घरात ती, बाळ आणि कामावर गेलेला नवरा, एवढेच असतात.

माझ्यासारख्या इमामांनाही काही सांगायचे आहे. ‘जायज’ हा शब्द आपण सहज उच्चारतो. ऐकणारा तो घरी नेतो आणि तेथे त्याचा हुकूम होतो. प्रश्न अर्धा असेल तर उत्तर देण्यापूर्वी तो पूर्ण करून घेणे ही आपली जबाबदारी आहे. प्रेषित मुहम्मद (स.) नमाज लांबवण्याच्या इराद्याने उभे राहत, आणि मागे एखाद्या बाळाच्या रडण्याचा आवाज आला तर त्याच्या आईची तगमग जाणून नमाज आखूड करत. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ही हदीस आहे. त्या आईने काही मागितले नव्हते. अल्लाहचे प्रेषित सर्वांत उच्च इबादतमध्ये होते, आणि तरी मागच्या सफेतील एका आईकडे त्यांचे लक्ष होते. मी त्याच मुसल्ल्यावर उभा राहतो, आणि त्या रात्री माझे लक्ष नव्हते.

आता कोणी असा प्रश्न घेऊन आला तर मी म्हणतो, “बसा. आधी घरी फोन लावा. बहूला काय वाटते ते तिच्या आईकडून विचारून घ्या, मग आपण मसअला पाहू.” काही जणांना याचे नवल वाटते. एकदोघे नाराजही झाले. पण एका गृहस्थांनी तेथेच फोन लावला, काही वेळ ऐकत राहिले आणि मग मला म्हणाले, “हजरत, ती म्हणते, महिनाभर थांबू द्या. आम्ही तर तिला विचारलेच नव्हते.” त्यानंतर मसअला सांगण्याची गरज उरली नाही.

अल्लाह आपल्या घरांतील मातांना आरोग्य देवो, परदेशी राबणाऱ्या मुलांना सब्र देवो, तान्ह्या बाळांना ईमान आणि दीर्घायुष्य देवो, आणि निर्णय घेण्यापूर्वी विचारण्याची नम्रता आम्हा सर्वांना देवो. आमीन.